वारा कसा आहे?

दर दोन तासांनी मी त्याचं नाव घेते.
बटण दाबून, घसा साफ करून:
"बारा नंबर, बारा नंबर. आनसेल्मो, ऐकतोयस?"
मग खरखर.
मग तो: "ऐकतोय. ठीक."
मी तक्त्यात खूण करते
आणि मातेच्या पेल्यात किटलीतलं पाणी ओतते.
पगार मिळतो तो त्या खुणांचा.

बारा नंबर म्हणजे गॅसच्या नळावरचं ठाणं,
इथून एकशे चाळीस किलोमीटर, शेवटचे साठ खडीचे.
एक खोली, एक हीटर, सहा व्हॉल्व्ह,
कुंपणाशी येऊन टक लावून बघणारे ग्वानाको,
आणि वारा.
या पठारावर झाडं नाहीत,
म्हणून तो माणसांनाच धरून हलवतो.
आमची मुलं चालायला शिकतात तीच तिरकी.

आनसेल्मोच्या आधी तिथं फाउस्तीनो होता.
तेव्हा फक्त सकाळी आठला विचारायचं, असं होतं.
रात्री नऊला तो शिडीवरून पडला.
सकाळी आठपर्यंत कंपनीच्या लेखी
तो कामावर हजर होता.
त्यानंतर दोन तासांचा नियम आला.
नियम नेहमी एका माणसाइतका उशिरा येतो.

जुलैतली रात्र, ऐन हिवाळा. दोन वाजता मी हाक मारली.
"ऐकतोय," तो म्हणाला. "ठीक.
एर्सिलिया, आज वारा पडलाय बघ. किती शांत."

पेन कागदावर टेकलं होतं.
माझ्या खिडकीचा पत्रा थडथडत होता,
अंगणातलं पिंप लोळत फाटकापर्यंत गेलं होतं,
आणि त्याच्या माझ्यामध्ये
वाऱ्याला अडवेल अशी एक टेकडी नाही.
मनात पाल चुकचुकली.

"डोकं दुखतंय?"
"थोडंसं."
"झोप येतेय?"
"गोड."

त्या 'गोड'नं माझे हात गार पडले.

"हीटर बंद कर. नाही, राहू दे हीटर. आधी दार.
वॉकीटॉकी हातात ठेव आणि दार उघड."
"बाहेर थंडी आहे, बाई."
"असू दे. उघड, आणि मला वारा ऐकव."

खुर्ची सरकली. काहीतरी पडलं.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग तो रेडिओतून आत घुसला,
जन्मभर मी ज्याला शिव्या घातल्या तो,
अख्खं पठार तोंडात घेऊन.
एवढा गोड आवाज मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या फोनवर ओस्वाल्दोला उठवलं, गाडी काढायला लावली.
दोन तास वीस मिनिटं.
तेवढा वेळ आनसेल्मोला भिंतीच्या आडोशाला बसवून
त्याच्या आजोबांच्या घोड्यांची नावं घ्यायला लावली.
सतरा घोडे. मध्ये दोनदा ओकला.
एक घोडा दोनदा आला, मी बोलले नाही.

धुराड्याचं टोक वाऱ्यानंच वाकवलं होतं.
धूर परत खोलीत. वास नाही, रंग नाही.

सकाळी राजधानीतून साहेबांचा फोन:
उत्तर वेळेवर आलं होतं ना?
'ठीक' म्हणाला होता ना?
मग गाडी कोणत्या रकान्याखाली पाठवली?
मी तक्ता उलटसुलट करून पाहिला.
शेवटी समासात लिहिलं: वारा.

आता भिंतीवर पिवळी पेटी आहे,
विषारी हवा झाली की किंचाळते. चांगली आहे.
तरी 'ठीक' आल्यावर मी विचारतेच,
वारा कसा आहे?
सात नंबरचा म्हणतो, मेव्हण्यासारखा,
दार न वाजवता येतो आणि जायचं नाव घेत नाही.
नऊ नंबरचा काही बोलत नाही,
रेडिओ खिडकीबाहेर धरतो.

परवा पहाटे चारला आनसेल्मोनं उलट विचारलं,
"आणि तुझ्याकडे?"
मी खोलीभर बघितलं.
एक टेबल, एक किटली, एक खुर्ची.
माझं नाव कुणाच्याच तक्त्यात नाही,
हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "जोरात आहे."
त्यानं तिकडे कशावर तरी खूण केली.
पेनाचा आवाज आला मला.